बसवलेले वाळूचे फिल्टर बंद पडतायत. काम थांबवावं की पुन्हा उभं करावं?

तळ्याकाठी

पिण्याचं पाणी वाळूतून गाळणारे घरगुती बायोसँड फिल्टर बनवून बसवणारा आमचा सात-आठ जणांचा गट आहे. काँक्रीटची पेटी, स्टीलचा साचा, आत खडी आणि बारीक वाळू, म्हणजे सगळीकडे चालतो तोच नमुना. ३० घरांत फिल्टर बसवून आठ महिने झाले. गेल्या पंधरवड्यात सगळीकडे फेरी मारली, तर १२ फिल्टर बंद. काहींत वाळू कोरडी पडलेली, काहींतून थेंब थेंब पाणी येतंय, दोन पेट्यांना बाहेरून ओल आलेली. चालू असलेल्यांपैकी ५ घरांतलं पाणी तपासून घेतलं. तीन ठिकाणी ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) निघाले.

तेव्हापासून गटातले तिघे यायचे बंद झाले. पुढच्या २० फिल्टरचं साहित्य येऊन पडलंय आणि ज्यांनी पैसे दिले ते पुढचं काम कधी सुरू होणार म्हणून विचारतायत. लोकांनी विश्वासाने स्वयंपाकघरात जागा करून दिली होती. त्यांना काय तोंड दाखवायचं हेच कळत नाही.

ही पद्धतच कच्ची आहे, की आमच्याकडून बनवण्यात आणि बसवण्यात चुका झाल्यात, हे कसं ओळखायचं? आणि काम सुरू ठेवायचं तर आधी कशाला हात घालायचा? धीर देणारी उत्तरं नकोत, उपाय सांगा.

---

निवळी

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीची चर्चा नंतर. तीसही घरांत उद्याच्या उद्या निरोप द्या: फिल्टरचं पाणी सध्या उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यायचं. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरतं, खूप उंचावरच्या डोंगराळ भागात ३ मिनिटं. क्लोरीन वापरायचं तर नितळ पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम आणि नंतर किमान ३० मिनिटं थांबायचं. हे सगळं फिल्टरमधून निघालेल्या पाण्याला. वरून ओतायच्या पाण्यात क्लोरीन गेलं तर वाळूवरचा जैवथरच (जिवाणू खाणाऱ्या सूक्ष्मजीवांचा थर) मरतो आणि मग फिल्टर म्हणजे नुसती गाळणी उरते. निरोप देताना 'फिल्टर खराब आहे' असं म्हणू नका. 'आम्ही प्रत्येक फिल्टर तपासतोय, तोवर एवढी काळजी घ्या' म्हणा, कारण खरी गोष्ट तीच आहे. तोंड दाखवायचा प्रश्न तुम्ही स्वतःहून गेलात की बराचसा सुटतो.

आता चाचणीबद्दल. नमुना कुठून घेतला होता? घरात भरून ठेवलेल्या भांड्यातून घेतला असेल तर त्यावरून फिल्टरबद्दल काहीच ठरवता येत नाही. प्रत्येक घरी तीन नमुने घ्या: जिथून पाणी आणतात तिथला, फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी पडणाऱ्या धारेचा आणि पिण्याच्या भांड्यातला. धारेचा नमुना घेण्याआधी नळीचं तोंड बाहेरून स्पिरिटने किंवा क्लोरीनच्या पाण्याने पुसून घ्या आणि थोडं पाणी वाहू द्या. बाटल्या निर्जंतुक हव्यात. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचल्या तर उत्तम, २४ तासांनंतरचे नमुने टाकून द्या.

तिन्ही आकडे शेजारी लिहिले की घोटाळा कुठे आहे ते समजतं. समजा १०० मिलिलिटरमध्ये मूळ पाण्यात ४००, धारेत १२ आणि भांड्यात १५० निघाले. म्हणजे फिल्टरने ९७ टक्के काढले, भांड्याने ते परत घातले. अशा घरी वाळू उपसून बसवण्यात काही अर्थ नाही. तिथे झाकणाची, अरुंद तोंडाची, तोटी असलेली वेगळी कळशी लागेल. आणलेल्या पाण्याची बादली आणि प्यायच्या पाण्याची बादली एकच असणं, ओगराळं बुडवून पाणी काढणं, तोटीखाली भांडं उघडं राहणं, ही नेहमीची तीन कारणं. याउलट धारेतच ३०० निघाले तर फिल्टरकडे वळा.

फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगणाऱ्या स्वस्त कुप्या मिळतात, पाणी काळं झालं की दूषित समजायचं. त्या या कामाला पुऱ्या पडत नाहीत. हा फिल्टर बहुतेक जिवाणू काढतो, सगळेच्या सगळे नाही. ४०० चे १२ झाले तरी कुपी काळी होणार आणि तुम्ही चांगल्या फिल्टरला नापास करून बसाल. प्यायच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे शून्य ई. कोलाय हा निकष आहे, त्यात तडजोड नाही. म्हणून तर गाळल्यानंतर क्लोरीन किंवा उकळणं ही पायरी कायमचीच. ती सुरुवातीला सांगितली नसेल तर आता सांगा.

आणखी एक. बसवल्यापासून पहिला महिना किंवा वाळू साफ केल्यानंतरचे काही दिवस चाचणी वाईटच येते. त्या दिवसांतले निकाल वेगळे काढा.

---

ओळंबा

नवीन २० चं साहित्य झाकून ठेवा. सिमेंटच्या गोण्या फळीवर, भिंतीपासून लांब. तीन महिन्यांच्या वर पडून राहिलेलं सिमेंट पेटीला वापरू नका. वाळू-खडीला काही होत नाही. जुने तीस मार्गी लागेपर्यंत एकही नवा साचा भरू नका, पैसे देणारे कितीही घाई करोत.

'१२ बंद' हा एकच आकडा दिसतोय, पण त्यात निदान चार वेगवेगळे आजार आहेत. ते वेगळे केल्याशिवाय हुरूप येणार नाही आणि दुरुस्तीही होणार नाही. प्रत्येक फिल्टरपाशी फार तर अर्धा तास लागतो. सोबत न्यायचं सामान एवढंच: १ लिटरचं माप, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मोजपट्टी, २ लिटरची पारदर्शक बाटली, ठळक अक्षरात छापलेला एक कागद आणि वही.

पहिलं मोजायचं ते वाळूवरचं उभं पाणी. धार पूर्ण थांबू द्या, वरची छिद्रांची प्लेट उचला, मोजपट्टी वाळूला टेकवा. ५ सेंटिमीटर हवं, ४ ते ६ चालेल. हे पाणी दोन कामं करतं. ते वाळूला कोरडी पडू देत नाही आणि त्यातून हवेतला प्राणवायू झिरपत जैवथरापर्यंत पोचतो. पाणी ८-१० सेंटिमीटर झालं तर प्राणवायू खाली पोचत नाही, थर अशक्त राहतो. मग वाळू वाढवायची. २ सेंटिमीटर असेल तर ओतलेल्या पाण्याचा मार थेट थरावर बसतो आणि उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत वाळू उघडी पडते. मग वाळू काढायची. ही पातळी ठरते फक्त दोन गोष्टींनी, बाहेरच्या नळीच्या तोंडाची उंची आणि आतल्या वाळूची उंची. पेटी तिरकी बसली असेल तर एका कडेला ७ आणि दुसऱ्या कडेला ३ येईल, म्हणून दोन्ही बाजूंना मोजा आणि पेटीखाली लेव्हल लावून बघा.

दुसरी मोजणी धारेची. पेटी काठोकाठ भरा आणि लगेच पहिल्या लिटरला लागणारा वेळ घ्या. पातळी उतरली की दाब उतरतो, धार मंदावते, त्यामुळे अर्ध्या पेटीवर मोजलेला आकडा कामाचा नाही. १ लिटरला अडीच मिनिटं किंवा जास्त लागली तर ठीक, म्हणजे मिनिटाला ०.४ लिटर ही वरची मर्यादा. दोन मिनिटांच्या आत भरलं तर पाणी वाळूत पुरेसं रेंगाळत नाहीये. दहा मिनिटांच्या वर गेलं तर पाणी शुद्ध असेल, पण घरातली माणसं वाट बघून कंटाळतात आणि फिल्टर सोडून देतात. माझ्या मते तुमच्या 'बंद' फिल्टरांतले बरेचसे यातलेच निघतील, आणि ते दुरुस्त करायला सगळ्यात सोपे असतात.

दुरुस्ती अशी. वरचं झाकण आणि प्लेट काढा. वाळूवर पाणी कमी असेल तर चारेक लिटर ओता. हात साबणाने धुऊन तळवा आडवा धरा आणि वाळूच्या पृष्ठभागावरून हलकेच गोल फिरवा. बोटं वाळूत रुतवायची नाहीत. पाणी गढूळ झालं की ते मगाने अलगद उपसून टाका. वाळू सपाट करा, प्लेट बसवा, परत भरा, परत धार मोजा. एकदा भागलं नाही तर दोनदा-तीनदा. गाळ वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच अडकतो, त्यामुळे सगळी वाळू काढून धुण्याची गरज नसते. लोक नेमकं तेच करतात आणि मग जैवथर महिनाभर मागे जातो.

तिसरं, मूळ पाणी किती गढूळ आहे. बाटली भरा, छापील कागदावर उभी ठेवा, वरून खाली बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर गढूळपणा साधारण ५० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर आहे. असं पाणी थेट ओतलं तर आज साफ केलेला फिल्टर पुढच्या आठवड्यात परत तुंबेल. ते रात्रभर निवळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून ओतायचं.

आणि घरात विचारा: दिवसातून किती वेळा ओतता, आणि दोन वेळांत अंतर किती? किमान १ तास, जास्तीत जास्त ४८ तास. आज नळीतून येणारं पाणी हे मागच्या खेपेला ओतलेलं असतं. मधल्या वेळात ते वाळूच्या पोकळ्यांत थांबतं, तिथे जिवाणू खाल्ले जातात, मरतात. बादलीमागून बादली ओतली की हा थांबाच मिळत नाही. आणि दोन दिवसांहून जास्त ओतलंच नाही तर थराला खायला काही उरत नाही.

---

चाळणी

ओळंबा यांनी वापराकडून सुरुवात केलीय, मी बनवण्याकडून सांगते. पुढचे २० बिघडू नयेत म्हणून हे लागेल.

ओल आलेल्या दोन पेट्या: हा जवळजवळ नेहमी काँक्रीट नीट न ठोकल्याचा आणि पाणी कमी मारल्याचा परिणाम. मापं घमेल्याने घेऊ नका, डब्याने घ्या. एका पेटीला १२ लिटर सिमेंट, १ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली २४ लिटर वाळू, ६ मिलिमीटरची खडी १२ लिटर, १२ मिलिमीटरची खडी १२ लिटर. पाणी ७ ते १० लिटर, वाळू ओली असेल तर कमी. मिश्रण घट्ट हवं. पातळ केलं की साच्यात भराभर उतरतं, पण वाळल्यावर बारीक भेगा पडतात. थोडं थोडं भरत सळईने खुपसायचं आणि साच्याला चारी बाजूंनी रबरी हातोडीने ठोकत राहायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. नळी जिथून वर जाते त्या नाकाड्यात हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) सगळ्यात जास्त राहतो, कारण तिथे सळई पोचत नाही. ठोकायचं ते तिथे दुप्पट.

साच्याला आतून खाद्यतेल लावा. मशीनचं जुनं ऑइल अजिबात नको, ते काँक्रीटमध्ये मुरतं आणि पाण्यात उतरतं. दुसऱ्या दिवशी साचा काढला की पेटी पाण्याने भरून, बाहेरून ओलं पोतं गुंडाळून ५ ते ७ दिवस सावलीत. ओल दिसली तर त्याच दिवसांत दिसते. वाळू भरायच्या आधी ही परीक्षा झाली नसेल तर तुमच्या दोन पेट्या घरी जाऊन पाझरल्या यात नवल नाही. लहान पाझर आतून सिमेंटचा घट्ट लगदा घासून बंद होतो, त्यासाठी वाळू काढावी लागेल. भेग आरपार असेल तर पेटी बदला, तिच्यावर दिवस घालवू नका.

नळी ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची. साच्यात बसवताना कोपऱ्यावर चिमटली तर धार कायमची मंद राहते आणि वाळूला दोष दिला जातो. रिकाम्या पेटीत पाणी भरून धार बघून घ्या. तिथेच थेंब थेंब असेल तर ती पेटी घरी जायलाच नको.

आता वाळू. सगळा फिल्टर वाळूवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

शक्यतो दगड फोडून केलेली वाळू घ्या. नदीच्या पात्रातल्या वाळूत शेण, पाला, सांडपाण्याचा अंश असतो आणि कण एकाच आकाराचे असतात. समुद्रकाठच्या वाळूत क्षार. चाळण्या चार: १२, ६, १ आणि ०.७ मिलिमीटर. १२ मधून पडून ६ वर राहते ती तळाची खडी. ६ मधून पडून १ वर राहते तिच्यातून मधला थर. १ मधून पडून ०.७ वर राहते ती बांधकामाला. ०.७ मधून पडलेली ती फिल्टरची वाळू. चाळताना वाळू पूर्ण कोरडी हवी. दमट वाळूचे बारीक कण मोठ्यांना चिकटून वरच राहतात आणि तुमच्या हाती जाडी वाळू येते. प्रयोगशाळेत कणांची प्रतवारी करून घेता आली तर परिणामी आकार (इफेक्टिव्ह साइझ, वजनाने १० टक्के कण याहून लहान) ०.१५ ते ०.२० मिलिमीटर, एकसारखेपणाचा गुणांक (कणांच्या आकारांत किती फरक ते) १.५ ते २.५ आणि ०.१ मिलिमीटरच्या खालचा चुरा ४ टक्क्यांपेक्षा कमी, हे आकडे मागा.

मग धुणं. खडी पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, वाळू मात्र तशी धुवायची नाही. इथेच नव्या माणसाचा हात घसरतो, कारण स्वच्छतेच्या नादात तो दहा पाण्यांनी धुतो आणि सगळे बारीक कण वाहून जातात. बरणीत थोडी वाळू, तेवढंच स्वच्छ पाणी घ्या, झाकण लावून गरगर फिरवा, थांबा. तीन-चार सेकंदांनी बाजूने बघा. वाळूचा पृष्ठभाग दिसायला हवा, पण वरचं पाणी थोडं गढूळ असायला हवं. पृष्ठभाग दिसतच नाही तर अजून एक पाणी, अगदी नितळ दिसलं तर जास्त धुतली. बादलीला किती पाणी लागली ते दर खेपेला लिहा. वाळूची नवी खेप आली की हा आकडा बदलतो, जुन्यावर विसंबू नका.

भरताना क्रम: आधी पेटीत अर्ध्यापर्यंत पाणी, मग तळाची खडी ५ सेंटिमीटर, मधली खडी ५ सेंटिमीटर, मग वाळू साधारण ५५ सेंटिमीटर. पाणी आधी, वाळू नंतर, प्रत्येक वेळी. कोरड्या पेटीत वाळू टाकून वरून पाणी ओतलं की हवेचे फुगे अडकतात आणि धार कधीच नीट येत नाही.

छिद्रांच्या प्लेटला ३ मिलिमीटरची भोकं, अडीच सेंटिमीटरच्या अंतराने, आणि प्लेट कडेने घट्ट बसलेली. सैल असेल तर पाणी कडेने धबधब्यासारखं पडतं आणि वाळूत खड्डा पाडतं. प्लेट काढल्यावर वाळूच्या कोपऱ्यात वाटीएवढा खळगा दिसला तर कारण हेच.

---

रांजण

पद्धतच कच्ची आहे का, याचं उत्तर जुनं आहे. वाळूतून पाणी सावकाश गाळण्याचं काम स्कॉटलंडमधल्या पेझली इथे १८०४ मध्ये सुरू झालं, १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी जलकंपनीने ते मोठ्या प्रमाणावर केलं. १८९२ च्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीत एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी पिणाऱ्या जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारच्या आल्टोनाला त्याच नदीचं, हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी मिळत होतं, पण ते वाळूतून गाळलेलं होतं आणि ते शहर मोठ्या प्रमाणात वाचलं.

तुमच्या कामाचा भाग याच्या पुढचा आहे. त्याच आल्टोनात पुढच्याच हिवाळ्यात पटकीचे रुग्ण निघाले. कडाक्याच्या थंडीत साफ करताना एक वाळूचा थर गोठून बिघडला होता. जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी त्याचा छडा लावला आणि १८९३ मध्ये नियम मांडले: पाणी वाळूतून ताशी १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने उतरू द्यायचं नाही, प्रत्येक फिल्टरचं पाणी वेगवेगळं तपासायचं, आणि १ घनसेंटिमीटरमध्ये १०० पेक्षा जास्त जिवाणू निघाले तर ते पाणी सोडायचं नाही. फिल्टर टाकून दिले गेले नाहीत, मोजमाप कडक झालं. घरगुती नमुना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ यांनी तयार केला. त्यात पाणी सतत वाहत नाही, थांबून थांबून ओततात, आणि वेग कॉख यांच्या मर्यादेपेक्षा जास्त असतो. तो फरक ओळंबा यांनी सांगितलेल्या थांब्याने भरून काढायचा असतो.

एक सावधगिरी. मूळ पाण्यात क्षार, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा कीटकनाशकं असतील तर साधा बायोसँड फिल्टर ती काढत नाही. हे तपासलं नसेल तर तीस दुरुस्त्यांच्या आधी एकदा रासायनिक चाचणी करून घ्या. त्यात दोष निघाला तर त्या स्रोतासाठी हे काम थांबवणंच बरोबर, आणि मग ते लोकांना स्पष्ट सांगायला हवं.

गटाबद्दल. तिघे गेले त्यांना 'परत या' असा निरोप धाडू नका, ठरावीक मुदतीचं ठरावीक काम द्या. 'पुढचे चार रविवार, सहा फिल्टर, फक्त धार आणि उभं पाणी मोजायचं' एवढं कुणीही स्वीकारतं. माणूस थकतो ते कष्टाने कमी आणि आपल्या हातून काय चुकलं ते न समजल्याने जास्त. मोजणीचा तक्ता समोर आला की बंद फिल्टर म्हणजे 'आपलं अपयश' न राहता 'क्रमांक ११, प्लेट सैल' होतो. त्यावर काम करता येतं. कामाची वाटणी करा: एक जण फक्त वाळू, एक फक्त साचा आणि दोघे फक्त घरभेटी. बसवणारा आणि तपासणारा एकच असला की चुका झाकल्या जातात, मुद्दाम नाही, सवयीने.

घरभेटी किती? बसवल्यावर आठवड्याने, महिन्याने, तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी. तुमच्या आठ महिन्यांत मधल्या भेटी झाल्या नाहीत असं दिसतं. फिल्टर एका दिवसात बंद पडत नाहीत. धार मंदावते, घरचे आठवडाभर सोसतात, मग एकदा पाणी ओतायचं राहतं, मग वाळू वाळते. दुसऱ्या महिन्यात कुणी गेलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आणि भेटीत पुरुषमाणसाशी दारात बोलून परत फिरू नका. जी व्यक्ती रोज पाणी भरते तिच्याकडून तळवा फिरवून वाळू साफ करण्याची कृती करून घ्या. ऐकलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं.

पैसे देणाऱ्यांना एका पानाचं पत्र पाठवा: किती बसवले, किती चालू, किती बंद, कोणत्या कारणाने, प्रत्येक कारणाची दुरुस्ती काय आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटी मागणी एकच करा, २० नव्यांतल्या काही फिल्टरचा खर्च घरभेटी, चाचण्या आणि तोटीच्या कळश्यांकडे वळवू द्या. बंद फिल्टर लपवून नवे बसवलेत तर पुढच्या वर्षी ५० पैकी २० बंद असतील आणि मग हे पत्र लिहिणं फार जड जाईल.

---

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. उकळण्याचा निरोप तीसही घरी पोचवला. यायचे थांबलेल्यांपैकी एक जण मोजणीला आला. पहिल्या दिवशी चार फिल्टर झाले, जसेच्या तसे आकडे देतो:

क्र. ४: उभं पाणी ५ सेंमी, पहिला लिटर ५५ सेकंद.
क्र. ९: उभं पाणी ५ सेंमी, पहिला लिटर १४ मिनिटं. मूळ पाण्याच्या बाटलीतून अक्षरं दिसत नाहीत.
क्र. १५: वाळू उघडी, वरचा थर कोरडा. नळीच्या तोंडाला घरच्यांनी हातभर प्लास्टिकची नळी जोडून खाली कळशीत सोडलीय.
क्र. २२: उभं पाणी ९ सेंमी, पहिला लिटर ३ मिनिटं. बसवताना वाळू बरोबर भरली होती अशी नोंद आहे.

क्र. ४ आणि २२ चं काय करावं?

---

ओळंबा

क्र. ९ सरळसरळ तुंबलेला आहे. तळव्याने साफ करा आणि पाणी रात्रभर निवळून ओतायला सांगा, म्हणजे झालं.

क्र. १५ मध्ये फिल्टरचा दोष नाही. जोडलेली नळी खाली लोंबली की वक्रनलिका (सायफन) तयार होते आणि वाळूच्या पातळीखालचंही पाणी ओढून काढते. ती काढून टाका. त्यांनी ती का लावली हेही बघा. बहुधा कळशी धारेपर्यंत पोचत नसेल किंवा पाणी बाहेर शिंतडत असेल. कळशीखाली उंच पाट द्या, नाहीतर आठवड्याभरात नळी परत येईल. कोरड्या वाळूत हवा शिरलेली असते, तेव्हा नुसतं वरून ओतू नका. बाहेरच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून दुसऱ्या टोकाने उंचावरून स्वच्छ पाणी उलटं आत सोडा, म्हणजे हवा खालून वर निघून जाते. मग ती नळी काढून टाका. जैवथर नव्याने धरायला ३० दिवस धरा.

क्र. २२ मध्ये वाळू बसलीय. नवी वाळू काही दिवसांत खाली दबते, शिवाय पेटी सरकवली किंवा कुणी धक्का दिला तर आणखी दबते. ४ सेंटिमीटर चाळलेली, धुतलेली वाळू वरून घाला आणि परत मोजा. फिल्टर हलवलाय का तेही विचारा. बसवल्यानंतर जागा बदलायची नसते.

---

चाळणी

क्र. ४ माझ्याकडे. ५५ सेकंद म्हणजे वाळू जाडी आहे किंवा फार धुतलीय. वरची १० सेंटिमीटर वाळू काढा, त्या जागी ०.७ मधून चाळलेली, कमी पाण्यांनी धुतलेली भरा. धार परत मोजा. अडीच मिनिटांच्या पुढे गेली तर ठीक, नाहीतर पूर्ण रिकामा करून भरावा लागेल. काढलेली वाळू फेकू नका, वाळवून ०.७ च्या चाळणीवर घ्या. बरीचशी वरच राहिली तर चूक चाळताना झालीय, सगळी खाली पडली तर धुताना.

आणि क्र. ४ ची वाळू ज्या खेपेतली होती त्या खेपेचे बाकीचे फिल्टर कोणते, ते वहीत शोधा. उद्या आधी तिकडे जा. वाळूचा दोष एकट्या पेटीत कधी नसतो, ढिगातून जेवढ्या पेट्या भरल्या तेवढ्यांत असतो. चारही पेट्यांवर आजची तारीख ऑइलपेंटने लिहून ठेवा, क्र. ४ आणि १५ वर पुढच्या चाचणीचीही, दुरुस्तीपासून ३० दिवसांनंतरची.